उपकेंद्रांतील देखभालीचा प्रश्न

विजेच्या प्रश्नावर आपल्या चळवळीने आजवर दिलेल्या लढ्यांची यादी लहान नाही. दरवाढीविरुद्धचे मोर्चे, शेतीपंपांच्या चुकीच्या बिलांची होळी, एन्रॉनविरोधी आंदोलन, भारनियमनाच्या काळातील रास्ता रोको, अगदी अलीकडे प्रीपेड स्मार्ट मीटरला झालेला विरोध, या सर्वांत आपले कार्यकर्ते पुढे होते व त्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु या यादीत एक गोष्ट शोधूनही सापडत नाही. उपकेंद्रातील ब्रेकरला वेळेवर वंगण मिळावे, तेथील बॅटरीत पाणी भरले जावे, रिलेची वर्षातून एकदा तरी परीक्षा व्हावी, यासाठी कोठे मोर्चा निघाल्याचे किंवा ठराव झाल्याचे निदान आमच्या तरी ऐकिवात नाही. हा विषय इंजिनिअरांचा, त्यात राजकारण ते काय, असे पुष्कळ वाचक म्हणतील. प्रस्तुत लेखकही अर्थशास्त्र शिकवण्यात हयात घालवताना तसेच म्हणत आला. त्याचे मत का पालटले ते पुढे येईलच. प्रथम ही यंत्रणा काय आहे हे थोडे समजून घ्यावे लागेल, कारण ज्या वस्तूचे कार्य आपण जाणत नाही तिच्याविषयी मागणी तरी कशी करणार?

तालुक्याच्या गावाबाहेर तारेच्या कुंपणात उभे असलेले उपकेंद्र आपण सर्वांनी पाहिलेले असते. तेथे ३३ केव्हीची, म्हणजे तेहतीस हजार व्होल्ट दाबाची वाहिनी येते, रोहित्रातून तिचा दाब ११ केव्हीपर्यंत उतरवला जातो, आणि मग चार-सहा वाहिन्या चार दिशांच्या गावांना जातात. आपल्याकडे वीजबिलाच्या भाषेत या दाबाला ‘उच्चदाब’ म्हणण्याची रीत आहे. इंजिनिअर लोक यासच मध्यम दाब म्हणतात, कारण त्यांच्या लेखी खरा उच्च दाब याच्याही वर सुरू होतो. या प्रत्येक वाहिनीच्या तोंडाशी एक ब्रेकर असतो. ब्रेकर, त्याच्या पुढचे-मागचे आयसोलेटर, प्रवाह मोजणारे करंट ट्रान्सफॉर्मर, दोष ओळखणारा रिले व हे सारे ज्यात बसवलेले असते ते पॅनेल, या समुदायाला स्विचगिअर म्हणतात.

घरातील बटनाशी ब्रेकरची तुलना करू नये. बटनाचे काम रोजचे आहे, ब्रेकरचे खरे काम वर्षातून काही थोड्या वेळा येते. तार तुटून जमिनीवर पडली, झाडाची फांदी वाहिनीवर आली, केबल फुटली, की करंट ट्रान्सफॉर्मर त्याची वर्दी रिलेला देतो, रिले ती पारखतो आणि ब्रेकरच्या ट्रिप कॉइलला हुकूम सोडतो. हुकूम पोहोचताच खिटी सुटते, ताणून ठेवलेली स्प्रिंग मोकळी होते आणि ब्रेकरच्या पोटातील दोन टोके एकमेकांपासून दूर जातात. आजच्या व्हॅक्यूम ब्रेकरमध्ये हे अंतर जेमतेम सहा ते दहा मिलिमीटर असते. टोके दूर जाताना त्यांच्यामध्ये ठिणगीचा लोळ उठतो. आपला विद्युतप्रवाह सेकंदात शंभर वेळा शून्यावर येत असल्यामुळे त्यातल्याच एखाद्या शून्याच्या क्षणी निर्वात बाटलीत तो लोळ विझतो. ११ केव्हीच्या साधारण ब्रेकरकडून पंचवीस हजार अँपिअरपर्यंतचा दोषप्रवाह असा तोडण्याची अपेक्षा असते. या साऱ्याला सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ पुरतो.

यातील मर्म असे की हुकूम ज्या विजेवर चालतो ती वीज वाहिनीची नसते. दोषाच्या क्षणी वाहिनीचा दाब कोसळलेला असतो, म्हणून ट्रिपची सत्ता उपकेंद्रातील बॅटरीकडे दिलेली असते. २४, ३० किंवा ११० व्होल्टची ही बॅटरी कोपऱ्यातल्या एका खोलीत पडून असते. तिच्यातले पाणी आटले, तिच्या टोकांवर पांढरी बुरशी चढली, तिचा चार्जर बिघडला, तर बाहेर कोट्यवधींची सामग्री उभी असूनही ती मुकी झालेली असते. उपकेंद्राची पाहणी करायची असेल तर आधी बॅटरीची खोली पाहावी, असे एका जुन्या यंत्रचालकाने आम्हांस सांगितले होते, आणि त्या सल्ल्याचे मोल अनुभवाने पटले आहे.

पूर्वी तेलाचे ब्रेकर असत. दोन-चार मोठे दोष तोडले की तेल काळे पडे, टोके जळून खडबडीत होत. मग तेल गाळणे किंवा बदलणे, टोके घासणे किंवा नवी बसवणे हे करावेच लागे. काम किचकट होते, हात काळे करणारे होते, पण टाळता न येणारे होते व म्हणून ते करणारी माणसे ठेवावी लागत. १९६० साली राज्य वीज मंडळ स्थापन झाल्यानंतरच्या दोन-तीन दशकांत अशा कामगारांची एक पिढीच घडली. ती सगळीच आदर्श होती असे आम्ही म्हणत नाही. मंडळाच्या कारभारातील ढिलाईवर याच पृष्ठावर पुष्कळ लिहिले गेले असेल व ते योग्यच होते. तथापि ब्रेकरच्या आवाजावरून त्याची प्रकृती सांगणारी माणसे त्या पिढीत होती.

व्हॅक्यूम ब्रेकर आला व त्याबरोबर ‘देखभालीची गरज नाही’ हा विक्रेत्यांचा शब्द आला. हा शब्द अर्धा खरा आहे आणि म्हणूनच अधिक घातक आहे. निर्वात बाटली सीलबंद असते, ती उघडून दुरुस्त करता येत नाही, टोकांची झीज सुमारे तीन मिलिमीटरच्या पलीकडे गेली की ती बदलायची, एवढे खरे. परंतु ती बाटली उघडणारी-मिटवणारी यंत्रणा लोखंडाचीच आहे. स्प्रिंगा, खिट्या, दांडे, बेअरिंगे, स्प्रिंग ताणणारी लहान मोटर, हे सारे वंगणावर चालते. आणि वंगण आपल्याकडच्या उन्हाळ्यात पातळ होऊन गळते, धुळीत मिसळून घट्ट होते, शेवटी लाखेसारखे वाळते. गंमत अशी की जो ब्रेकर वरचेवर उघडतो-मिटतो त्याची यंत्रणा त्यामानाने मोकळी राहते. जो वर्ष-दोन वर्षे नुसता मिटलेला, विनातक्रार उभा असतो, तोच संकटाच्या क्षणी दगा देतो. ट्रिप कॉइल क्षणभरच्या प्रवाहासाठी बनवलेली असते. खिटी अडकली की प्रवाह वाहत राहतो आणि कॉइल जळते. मग दुसरा हुकूम देण्याची सोयही उरत नाही.

देखभाल म्हणजे काय करायचे, हे कार्यकर्त्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे. ब्रेकर उघडून त्याची ट्रॉली पॅनेलबाहेर ओढायची, जुने वंगण पुसून काढायचे आणि ज्या जागी जे सांगितले असेल तेच नवे लावायचे. हाताशी आले ते ग्रीस नव्हे. उघडायला व मिटायला किती मिलिसेकंद लागतात आणि तिन्ही फेज एकाच वेळी हलतात की नाही हे उपकरणाने मोजायचे. टोकांचा रोध मायक्रो-ओहममध्ये मोजून मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडायचा. नुसत्या एका आकड्याला येथे फारसा अर्थ नाही. तो वाढत चालला आहे काय, हे पाहायचे असते, व त्यासाठी मागची वही जागेवर असावी लागते. मेगरने इन्सुलेशन पाहायचे, बाटलीतील निर्वात शाबूत आहे का हे उच्च दाब देऊन तपासायचे, रिलेला कृत्रिम प्रवाह देऊन तो ठरल्या वेळी बोलतो का हे पाहायचे, आणि शेवटी रिलेच्याच हुकुमाने ब्रेकर प्रत्यक्ष पाडून दाखवायचा. रिले वेगळा तपासला, ब्रेकर वेगळा तपासला, पण दोहोंना जोडणारी तार सुटलेली होती, असेही घडते.

या यादीत एक क्षुल्लक वस्तू सांगायची राहिली. प्रत्येक पॅनेलमध्ये साधारण दिव्याएवढी वीज खाणारा एक लहान हीटर असतो. पावसाळ्यात आत दव धरू नये एवढ्यासाठी तो असतो. तो जळतो, आणि जळाला तर काहीच बंद पडत नाही, म्हणून कोणाला कळत नाही. कळले तरी तेवढ्यासाठी कोणी मागणीपत्र भरत नाही. मग इन्सुलेटरवर ओल धरते, ओलीवर धूळ बसते, धुळीतून विजेच्या बारीक वाटा पडतात, आणि तीन-चार पावसाळ्यांनी एका रात्री पॅनेल फुटते. केबल जेथून आत येते तेथले भोक बुजवले नसेल तर उंदीर, पाली व त्यांच्या मागोमाग साप आत येतात आणि दोन फेजांमध्ये आडवे होतात. चौकशी अहवालात ‘सरपटणाऱ्या प्राण्यामुळे’ असे नमूद होते. त्या प्राण्याला वाट ठेवणाऱ्याची नोंद कोठे होत नाही.

आता तो प्रसंग. सुमारे पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा मे महिना. एका तालुक्याच्या गावी आपल्या कार्यकर्त्यांचे तीन दिवसांचे अभ्यासशिबिर भरले होते व त्याची व्यवस्था प्रस्तुत लेखकाकडे होती. दुसऱ्याच दिवशी पावसाळापूर्व देखभालीसाठी सकाळी नऊ ते चार शटडाऊन असल्याचे कळले. शाळेच्या पत्र्याच्या वर्गात शंभर माणसे, पंखे नाहीत, ध्वनिक्षेपक नाही, बोअरला पाणी नाही. लेखकाने तेथील अधिकाऱ्याला फोन केला, ओळखीचा उपयोग केला, आणि शटडाऊन पुढे ढकलला गेला. आभारप्रदर्शनात त्या अधिकाऱ्याचे नावही घेतले होते, हे आज आठवते. पुढची तारीख मिळाली ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली. त्या वर्षी पाऊस आधी आला व ती तारीखही गेली.

जूनअखेर एका सायंकाळी वादळात त्याच उपकेंद्रावरील एका वाहिनीची तार तुटून पाणंदीत पडली. रिलेने आपले काम केले, निशाण पडले. ब्रेकर उघडला नाही. वंगण वाळून खिटी अडकली होती. कॉइल जळाल्याचा वास खोलीभर पसरला. जमिनीत जाणारा तो प्रवाह मागच्या ब्रेकरला दोष वाटावा एवढा मोठा नव्हता, म्हणून तोही स्वस्थ राहिला. ड्यूटीवर कंत्राटदाराचा एकटा यंत्रचालक होता. त्याने हाताने ब्रेकर पाडण्याचा दोन-तीनदा प्रयत्न केला, मग धावत जाऊन रोहित्राचाच ब्रेकर उघडला आणि सारे उपकेंद्र अंधारात टाकले. या खटपटीत पाच-सहा मिनिटे गेली. तेवढ्यात पाणंदीतून घरी परतणारे एका शेतकऱ्याचे दोन बैल तारेवर गेले, आणि त्यांना सोडवायला धावलेल्या त्याच्या मुलाचा उजवा हात पुढे कोपरापासून काढावा लागला.

हे सर्व लेखकाला त्या वेळी ठाऊक नव्हते. काही वर्षांनी एका लग्नात एक मनुष्य पाया पडला व म्हणाला, “सर, मी आपला विद्यार्थी. बी. ए.ला अर्थशास्त्रच होतं माझं.” पदवीनंतर नोकरी मिळाली नाही म्हणून त्याने आयटीआयला वायरमनचा ट्रेड केला आणि कंत्राटदाराकडे यंत्रचालक म्हणून लागला. तो यंत्रचालक हाच. चौकशीत ‘मानवी विलंब’ असा निष्कर्ष निघाला, कंत्राटदाराने त्याला काढून टाकले, प्रकरण मिटले. “अरे, पण ब्रेकरची देखभाल झाली नव्हती ना?” असे विचारले तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “नव्हती, सर. त्या दिवशीचा शटडाऊन आपल्या शिबिरासाठी रद्द झाला होता. वहीत तसंच लिहिलंय.” त्याच्या स्वरात राग नव्हता. तो असता तर बरे झाले असते.

शिबिराचा विषय होता ‘सार्वजनिक क्षेत्राचे संरक्षण’.

हा प्रसंग सांगण्याचा हेतू आत्मताडन हा नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक जुनाच प्रश्न दिसतो: जी गोष्ट सर्वांच्या मते आवश्यक आहे ती नेमकी सर्वांकडून का टाळली जाते? आमच्या मते याचे उत्तर हिशेबाच्या पद्धतीत शोधले पाहिजे. नवे उपकेंद्र हा भांडवली खर्च आहे. त्यासाठी केंद्राची योजना असते, कर्ज मिळते, निविदा निघते, कोनशिला बसते, मंत्री येतात. जुन्या ब्रेकरचे वंगण हा महसुली खर्च आहे; त्याला कोनशिला नाही. २००३ च्या वीज कायद्याने व त्याआधी १९९९ मध्ये स्थापन झालेल्या राज्य वीज नियामक आयोगाने जी दरपद्धती रूढ केली तिच्यात कंपनीला परतावा मिळतो तो गुंतवलेल्या भांडवलावर. देखभालीचा खर्च प्रमाणकानुसार मंजूर होतो, त्यावर परतावा नाही. अशा नियमनाखालील कंपनी गरजेपेक्षा अधिक भांडवल ओतण्याकडे झुकते हे ॲव्हर्च व जॉन्सन या दोन अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी १९६२ मध्येच दाखवून दिले होते. आमच्या पिढीने ते परीक्षेपुरते पाठ केले. त्याची दुसरी बाजू, म्हणजे जुन्याची दुरुस्ती करण्यापेक्षा ते मोडू देऊन नवे घेणे खात्यावर अधिक सोयीचे ठरते, ही आम्ही वर्गात कधी शिकवली नाही.

केंद्राच्या योजनांकडे पाहावे. ग्रामीण विद्युतीकरणाच्या २००५ च्या योजनेपासून २०१४ च्या दोन योजना, २०१७ ची ‘सौभाग्य’ आणि २०२१ पासूनची ३,०३,७५८ कोटी रुपयांची वितरण सुधारणा योजना, या सर्वांचा भर नव्या मालमत्तेवर आहे. शेवटच्या योजनेत तर मीटर बदलण्यालाच मोठे स्थान मिळाले. वाहिन्या वाढल्या, रोहित्रे वाढली, लाखो घरांत दिवा लागला. हे यश आहे व ते नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. पण वाढलेल्या प्रत्येक ब्रेकरमागे त्याची निगा राखणारे हातही वाढवावे लागतात, आणि त्यासाठी वेतन देणारी योजना मात्र नाही. देखभालीत केलेली कपात त्या वर्षाच्या ताळेबंदात बचत म्हणून दिसते. तिचे बिल चार-पाच वर्षांनी, दुसऱ्याच अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत, आणि पुष्कळदा तिसऱ्याच माणसाच्या अंगावर येते.

यावर खाजगीकरण हा उपाय सांगितला जातो. महाराष्ट्रात फ्रँचायझीचा प्रयोग भिवंडीत २००७ पासून झाला. तेथे गळती उतरली हे मान्य केले पाहिजे, आणि कंपनीने जाळ्यावर पैसा घातला हे त्याचे एक कारण आहे हेही. पण त्याच धर्तीवर २०११ मध्ये औरंगाबाद, जळगाव व नागपूर येथे केलेले तिन्ही प्रयोग गुंडाळावे लागले. नागपूरचे वितरण २०१९ मध्ये महावितरणला परत घ्यावे लागले. खाजगी मालकी देखभाल आपोआप करते असे मानणाऱ्यांनी मार्च २०२५ मधील लंडनची घटना अभ्यासावी. हीथ्रो विमानतळाला वीज देणारे उपकेंद्र पेटले व जगातल्या अत्यंत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक दिवसभर बंद पडला. तो बिघाड ब्रेकरचा नव्हता, अतिउच्च दाबाच्या रोहित्राच्या बुशिंगचा होता. पण चौकशीत निघाले ते आपल्याच उपकेंद्राचे वर्णन वाटावे. तेलातील ओलाव्याचा इशारा २०१८ मध्येच नोंदला गेला होता, त्यावर योग्य कारवाई झाली नाही, आणि २०२२ मध्ये नेहमीची देखभालही पुढे ढकलण्यात आली. ही यंत्रणा चालवणारी कंपनी खाजगी आहे, भागधारकांना नियमाने लाभांश देणारी आहे.

मार्क्सने ‘भांडवल’च्या दुसऱ्या खंडात यंत्रांच्या दुरुस्तीचा विचार केला आहे. यंत्र साफ करण्याचे काम कामगारांकडून त्यांच्या विश्रांतीच्या वेळेत फुकट करून घेतले जाते, आणि पुष्कळ अपघात नेमके त्यातूनच होतात, असे निरीक्षण त्याने नोंदवले आहे. आपल्या खेड्यात त्या फुकट श्रमाला नावही मिळाले आहे. लोक त्याला ‘झिरो वायरमन’ म्हणतात. तो कोणाच्याही हजेरीपटावर नसतो. लाइनमनकडे पाच-सात गावे असतात, तो पोहोचू शकत नाही. मग गावातला एखादा धाडसी तरुण खांबावर चढतो, फ्यूज टाकतो, एअर ब्रेक स्विच ओढतो. गाव त्याला चहा पाजते, निवडणुकीत पुढारी त्याच्या खांद्यावर हात ठेवतात, आणि तो चिकटून मेला तर तो तेथे का चढला होता असा प्रश्न विचारला जातो. विजेच्या धक्क्याने देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरतात. त्यांत उपकेंद्रातील यंत्रणेमुळे गेलेले थोडेच, पण तुटलेल्या तारेवर गेलेला प्रत्येक माणूस म्हणजे कोठेतरी वेळेवर न उघडलेला ब्रेकर तर नव्हे, हे कोणी तपासत नाही.

आणि हे काम करणाऱ्याच्या जिवाचे काय? ब्रेकर उघडला म्हणजे सारे निर्जीव झाले असे नव्हे. पॅनेलच्या मागच्या बाजूची टोके अकरा हजार व्होल्टने जिवंतच असतात. दुसऱ्या बाजूने एखाद्याच्या जनरेटरमधून किंवा दुहेरी पुरवठ्यातून वीज उलटी येऊ शकते. म्हणून क्रम ठरलेला आहे: दोन्ही बाजूंनी तोडायचे, कुलूप घालून पाटी लावायची, वीज नाही हे उपकरणाने पाहायचे, अर्थिंग जोडायचे आणि मगच परमिट घेऊन हात लावायचा. ताणलेली स्प्रिंग आधी मोकळी करायची, नाहीतर ती बोटे तोडते. यातली एकही पायरी अवघड नाही. परंतु कुलूप नाही, डिस्चार्ज रॉडची तार तुटलेली, हातमोजे फाटलेले, बरोबर दुसरा माणूस नाही, आणि फोनवर ‘किती वेळ लागणार’ अशी दर दहा मिनिटांनी विचारणा, अशा स्थितीत पायऱ्या गाळल्या जातात. ज्याची नोकरी कंत्राटदाराच्या मर्जीवर आहे तो ‘अर्थिंग रॉड येईपर्यंत मी हात लावणार नाही’ असे कोणत्या बळावर म्हणेल? आमच्या दृष्टीने कंत्राटी पद्धतीविरुद्धचा सर्वांत मोठा आक्षेप वेतनातील फरकाहूनही हा आहे. नाही म्हणण्याचा अधिकार हे सुरक्षेचे उपकरण आहे, आणि कंत्राटात ते मिळत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये राज्यातील वीज कर्मचाऱ्यांच्या तीसहून अधिक संघटना समांतर परवान्याच्या विरोधात एकत्र येऊन संपावर गेल्या आणि एका दिवसात शासनाला बोलणी करावी लागली. त्या एकजुटीचे आम्ही स्वागत केले. परंतु मित्रत्वाच्या नात्याने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. खाजगीकरण दरवाजातून येण्याआधीच ते उपकेंद्राच्या खोलीत खुर्ची टाकून बसले आहे. रात्रपाळीला तेथे कंपनीचा माणूस नसतो, कंत्राटदाराचा असतो. कायम कर्मचाऱ्यांच्या मागणीपत्रात त्याचा उल्लेख येतो तो शेवटून दुसऱ्या कलमात. आणि देखभालीचा स्वतंत्र निधी, सुट्या भागांचा साठा, चाचणी-पथके यांविषयीचे कलम बहुधा नसतेच.

तंत्रज्ञान बदलते आहे. नव्या रिले आपल्या प्रकृतीची नोंद आपणच ठेवतात, उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने सैल जोड दुरून दिसतो. काही बंदिस्त स्विचगिअरमध्ये एसएफ-६ हा वायू असतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चोवीस हजार पट तापमानवाढ करतो, म्हणून त्याची गळती ही केवळ उपकेंद्राची बाब राहत नाही. युरोपीय संघाने २४ केव्हीपर्यंतच्या नव्या सामग्रीत त्याला २०२६ पासून मनाई केली आहे. मध्यम दाबाचे स्विचगिअर आपल्याच नाशिकला आणि कळव्याला बनते, त्यासाठी परदेशाकडे तोंड वेंगाडावे लागत नाही. तेव्हा साधनांची वाण आहे असे कोणी सांगू नये. पण कॅमेरा घेतला आणि त्यात दिसलेला सैल जोड घट्ट करायला माणूस नाही, तर त्या छायाचित्राचा उपयोग चौकशी अहवालाला जोडण्यापुरताच.

कार्यकर्त्यांनी काय करावे? माहितीचा अधिकार कायदा २००५ पासून आहे व महावितरण त्याच्या कक्षेत येते. आपल्या तालुक्यातील प्रत्येक उपकेंद्रापुरते चार प्रश्न विचारावेत: प्रत्येक ब्रेकरची शेवटची देखभाल व वेळ-चाचणी केव्हा झाली, रिले कोणत्या तारखेला तपासले, बॅटरीच्या वाचनांची वही आहे काय, आणि ठरलेले किती शटडाऊन कोणाच्या सांगण्यावरून रद्द झाले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वच पक्षांना अडचणीचे जाईल, आपल्यालाही. दरनिश्चितीच्या जाहीर सुनावण्यांत आपण दर किती वाढवला यावर बोलतो; तेथेच देखभालीच्या मंजूर रकमेपैकी प्रत्यक्षात किती खर्च झाली व ती उपकेंद्रनिहाय कोठे गेली, हेही विचारावे. यंत्रचालक व देखभाल पथके कायम सेवेत घेण्याची मागणी कामगारांच्या हिताची म्हणून आपण करतोच. ती पाणंदीतून बैल घेऊन परतणाऱ्याच्या हिताची म्हणूनही करावी, म्हणजे त्या मोर्चात शेतकरी येतील.

शटडाऊनविषयी आपली वृत्तीही बदलावी लागेल. पुण्यात गुरुवारची वीजबंदी लोकांच्या अंगवळणी पडली आहे, तरी त्या दिवशी कुरकुर होतेच. तालुक्यात तर कुरकुरीचे निवेदन होते आणि निवेदनाखाली आपल्याच शाखाप्रमुखाची सही असते. उकाड्यात सात तास वीज नसणे हा त्रास आहे, विशेषतः गिरणीवाल्याला, पिठाच्या चक्कीवाल्याला, रुग्णाला. वेळ आधी कळवणे, रुग्णालय व पाणीपुरवठ्याची पर्यायी सोय करणे, ठरल्या वेळी वीज परत देणे, यासाठी जरूर भांडावे. काम रद्द करण्यासाठी मात्र आपल्या माणसाने फोन उचलू नये.

त्या माजी विद्यार्थ्याला पुन्हा कामावर घ्यावे यासाठी नंतर प्रयत्न झाले, त्यांना यश आले नाही. तो आता तालुक्यात मोटार रिवाइंडिंगचे दुकान चालवतो. चौकशीच्या कागदपत्रांत शटडाऊन रद्द झाल्याची नोंद जोडलेली नाही. ती जोडली जावी म्हणून प्रस्तुत लेखकाने आपल्या सहीने लेखी निवेदन दिले आहे, त्यात फोन कोणी केला होता हेही लिहिले आहे. येत्या मे महिन्यातील अभ्यासशिबिराच्या तारखा नक्की करण्यापूर्वी त्या गावच्या उपकेंद्राचे देखभालीचे वेळापत्रक मागवून घ्यावे, अशी सूचना जिल्हा कार्यकारिणीकडे पाठवली आहे.